काळं औषध

"माझी बायकू औषधानं मेली, का औषध बदलणाऱ्यानं मारली, येवढंच मला सांगा," अण्णाप्पा मगदूम उंबऱ्यातूनच म्हणाला. मग पायताण काढायचं राहिलं हे ध्यानात येऊन तो ओशाळला आणि दोन पावलं मागं गेला.

साताऱ्यातलं नाथाजी शिर्क्यांचं ते दोन खोल्यांचं बिऱ्हाड. शिर्के वीस वर्षं मास्तर होते. शाळा तपासणाऱ्या साहेबाशी वाजलं, तशी नोकरीवर पाणी सोडून त्यांनी लोकांच्या भानगडी उलगडायचा धंदा मांडला होता. बाजारच्या शाईला ते पाणी म्हणत. त्यामुळं हिरड्याचा काढा उकळून त्यात हिराकशीचे हिरवट खडे विरघळवायचं काम त्यांच्या जोडीदाराच्या, केरबा हवालदाराच्या गळ्यात पडलेलं. पाहुणा आला तेव्हा केरबा परसात तेच करत होता. काळी बोटं धोतराला पुसत तो आत आला.

केरबा पलटणीतून लंगडत परत आला, त्याला वर्ष झालं होतं. तो लढाईवर, मिसर देशात असतानाच त्याची बायको राहीबाई गेली. भावानं धाडलेल्या पत्रात एवढंच होतं, की रक्त कमी झालं. जखम नसताना माणसाचं रक्त कमी होतं कसं, हे पलटणीत त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यामुळं अण्णाप्पानं 'अंगात रगत ऱ्हायलं न्हाई' म्हटलं, तेव्हा केरबा हातातलं काम विसरून भिंतीला टेकून बसला.

अण्णाप्पा सांगलीकडचा जैन शेतकरी. तीस-बत्तीसचा, अंगानं थोराड, पण बोलताना दर दोन वाक्यांनी थांबणारा. त्याची बायको पद्मावती दुसऱ्या खेपेला पोटुशी होती. डॉक्टरांनी डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. दिवसातून तीन, एकही चुकवायची नाही.

"तीन म्हैनं एकबी चुकली न्हाई," अण्णाप्पा म्हणाला. "तरी दिसामाजी पांढरी पडत गेली. भादव्यात बाळंतपणात गेली. पोरगंबी गेलं."

"आणि आता?" नाथाजींनी विचारलं.

"आता माझ्या धाकट्या भावाची, धन्यकुमारची बायकू जिनमती. पाचवा म्हैना हाय. त्याच डॉक्टरच्या, त्याच दुकानातल्या गोळ्या दीड म्हैना चालू हैत. परवा तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली, तर नखं कागदावानी पांढरी. म्या ताटावरनं उठलो."

त्यानं मेजावर दोन वस्तू ठेवल्या. एका बाटलीत हिरव्या गोळ्या. एका पुडीत लोहभस्म. हे भस्म गावातल्या आप्पासो वैद्यांचं. दुकानदार एक विलायती टॉनिकही पुढं करत होता, पण त्यात जनावराचं काळीज असतं, ते घरात शिरणं शक्य नव्हतं.

"यातलं कंचं द्यावं, मास्तर? दुसरी चूक झाली तर जिनमती बी जाईल."

"औषध बदललं असं का वाटतं?"

अण्णाप्पानं एक गोळी काढून दातानं फोडली आणि तळहातावर ठेवली. वरून हिरवी, आतून फिकट हिरवट. "दुकानातली गोळी ही अशी. पण पद्मीच्या वाटीत म्या जवा जवा बघितलं, तवा औषध काळंभोर. जिनमतीच्या वाटीत बी काळंच. म्हंजी दुकान आन् वाटी ह्यांच्या मधी कुनीतरी हात मारतंय."

"आईला विचारलंत?"

"न्हाई." तो जमिनीकडं बघू लागला. "औषध आईच देती. काय म्हनून इचारू?"

मग त्यानं कोपरीच्या खिशातून फिकट पिवळ्या लुगड्याच्या पदराचा तुकडा काढला. त्यावर काळसर निळे ठिपके होते.

"ही शाई हाय. तीनदा धुतली, जात न्हाई. पद्मीला लिवाय येत न्हवतं. मला वाटलं, कुनाकडनं तरी माहेराला कागद लिवून घेती. आमच्या घरच्या चहाड्या सांगती. म्हैनाभर म्या तिच्याशी बोललो न्हाई."

"मग?"

"मग बोलायचं राहूनच गेलं."

नाथाजींनी तो तुकडा नाकाशी धरला, मग उजेडात धरला. केरबाला त्या माणसाची इतकी कणव आली, की त्यानं न विचारताच पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

दुसऱ्या दिवशी गाडीनं मिरज आणि तिथून सांगली गाठली. लालासाहेबांचं औषधाचं दुकान पेठेच्या तोंडाशी होतं. युद्ध संपलं होतं, तरी औषधांची टंचाई संपली नव्हती. खडूच्या गोळ्या विकतो म्हणून दुकानदाराला शिव्या घालायची गिऱ्हाइकांना सवयच झाली होती. त्यामुळं मगदूम हे नाव ऐकताच लालासाहेब उसळले.

"आलात का तुमीबी? आवं, बाई गेली त्याचं मलाबी वाईट वाटतंय. पन माल खोटा न्हाई माझा!"

"भांडायला आलो नाही," नाथाजी म्हणाले. "एक कोरा चहा मागवा. दूध नको."

चहा आला. लालासाहेबांनी मालाचा सीलबंद डबा समोर फोडला. नाथाजींनी त्यातली एक गोळी चुरडून कपात टाकली आणि अण्णाप्पाच्या बाटलीतली एक दुसऱ्या कपात. बघता बघता दोन्ही कप सारखेच काळे झाले.

"लोह खरं आहे," नाथाजी म्हणाले. "दोन्हीकडं."

लालासाहेबांनी सुस्कारा सोडला. केरबाचं मात्र डोकं चालायला लागलं होतं. "मास्तर, वाटीतलं बी काळंच व्हतं की! चहासंगं घेत असतील."

"आमच्यात चहा न्हाई," अण्णाप्पा म्हणाला. "कवाच न्हवता. पद्मीनं तर नेम धरल्यापासनं पान्याबिगर काय तोंडाला लावलं न्हाई."

केरबाचा उत्साह तिथंच मावळला. नाथाजी मात्र त्याच्याकडं जरा कौतुकानंच बघत होते, आणि ते का, हे त्याला कळेना.

गाव सांगलीपासून तीन कोसांवर. बैलगाडीनं पोचेतो उन्हं कलायला लागली होती. आप्पासो वैद्य दारातच खलबत्ता घेऊन बसले होते. सत्तरीचे, ताठ, आणि दुखावलेले.

"थोरल्या सुनंच्या येळंला माझं लोहभस्म त्यांनी परत धाडलं," ते म्हणाले. "तीन पिढ्या मगदुमांची नाडी आमी बघितली. डॉक्टर आला, आन् आमी अडाणी ठरलो."

"मग पद्मावतीला तुम्ही काहीच दिलं नाही?"

"औषध म्हनून काडी न्हाई दिली. घरात जातो, ते हिरड्याची पूड पोचवाया. आषाढापासनं त्यांना लय लागती. आदी थोरलीच्या नेमासाठी, आता धाकटीच्या."

नाथाजींनी लोहभस्माची चिमूट पाण्यात टाकली. पाणी तांबूस झालं आणि गाळ तळाशी बसला. वाटीतलं काळंभोर औषध हे नव्हे, एवढं तरी नक्की झालं. पण वैद्याचा त्या घरात रोजचा वावर होता, शिवाय पोटात राग होता. केरबानं मनातल्या मनात त्याला बेडी ठोकली.

मगदुमांचं घर शेणानं सारवलेलं, लख्ख. अण्णाप्पाच्या आईनं, आक्काताईनं, दोघांना घोंगडं अंथरून दिलं. पांढरे केस, कोरडे डोळे. रडून रडून कोरडे झालेले डोळे केरबानं आपल्या सासूचे पाहिले होते. हे तसेच होते.

जिनमती दाराआड उभी होती. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. चौकटीला धरून उभी राहिली होती आणि तेवढ्यानंही तिला धाप लागत होती.

"पद्मावतीला औषध कोण द्यायचं?" नाथाजींनी विचारलं.

"म्याच. दुसऱ्या कुनाच्या हातात दिलं न्हाई." आक्काताईच्या आवाजात अजून त्याचा अभिमान होता. "तिला गोळी गिळवत न्हवती, उमासं यायचं. मग म्या कुटायची, तिच्या पान्यात कालवायची. दीस मावळायच्या आत तिन्ही येळा, मागनं आमच्यात तोंडाला काय लावत न्हाईत. लय वंगाळ लागायचं तिला. कदीमदी पदरावर सांडायचं. म्या म्हनायची, पोरी, वाईट लागतं त्येच गुन देतं. गप प्यायची. कदी न्हाई म्हनली न्हाई मला."

"तिच्या पाण्यात म्हणजे?"

"प्रासुक पानी. आमच्यात जीवजंत ऱ्हाऊ नये म्हनून पानी गाळत्यात, प्रासुक करत्यात. सारी काय रोज तसं पीत न्हाईत. पद्मीचं पैलं लेकरू दोन म्हैन्याचं होऊन गेलं, तवा तिनं नेम धरला, बाळ मांडीवर खेळंस्तवर प्रासुक पानीच पिईन. नेम अर्धाच ऱ्हायला तिचा." तिनं दाराकडं बघितलं. "आता हिनं धरलाय. म्हनली, जाऊबाईंचा नेम मी पुरा करती."

कोनाड्यात कापडानं झाकलेला तांब्याचा हंडा होता. नाथाजींनी परवानगी मागून त्यातलं घोटभर पाणी घेतलं आणि उरलेलं केरबाला दिलं. केरबाची जीभ एकदम आखडली. तुरट पाणी. हंड्याशेजारच्या लाकडी पाटावर वाटीच्या बुडाची गोल खूण होती, काळसर निळी. पाट घासून घासून पांढरा पडला होता, पण ती खूण गेली नव्हती.

नाथाजी उठून ओसरीवर गेले. केरबा मागोमाग गेला.

"मास्तर, आप्पासो वैद्यच," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पूड द्यायच्या निमतानं येतोय, आन् गोळ्या बदलतोय."

"केरबा, इथं कुणीही काहीही बदललेलं नाही." नाथाजींचा चेहरा उतरला होता. "गुन्हेगार सापडला असता, तर बरं झालं असतं. एखाद्याला पोलिसांत देऊन आपण रात्रीची गाडी धरली असती."

"मग?"

"आत जे सांगायचं आहे, ते सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण सांगितलं नाही, तर दाराआड उभी आहे ती पोर जाईल."

ते आत आले. अण्णाप्पा, धन्यकुमार, आक्काताई, सगळे बसले. जिनमतीलाही त्यांनी भिंतीला टेकून बसायला लावलं. दोन स्वच्छ वाट्या मागवल्या. एकीत हंड्यातलं पाणी, दुसरीत चुलीवर उकळून निवलेलं साधं पाणी.

"केरबा," ते म्हणाले, "काल तू माझ्या घरी शाई करत होतास. कशी करतोस, सांग यांना."

हे काय मध्येच, म्हणून केरबा गोंधळला. "सोपं हाय. हिरडा कुटून उकळायचा. काढा झाला की त्यात हिराकस टाकायची, ते हिरवट खडं. मग ते काळं..."

तो थांबला. समोर तांब्याचा हंडा होता. जिभेवर अजून तुरटपणा होता. आप्पासो वैद्य या घरात पोचवत होता, ती हिरड्याची पूड त्याला आठवली.

"गोळीत काय असतं, मास्तर?" त्यानं विचारलं.

"शुद्ध केलेली हिराकसच. रक्त कमी झालेल्या माणसाला तिच्यासारखं स्वस्त आणि गुणाचं औषध आज दुसरं नाही. डॉक्टरांनी योग्य तेच दिलं. लालासाहेबांनी खरंच दिलं. कोऱ्या चहात ती काळी झाली, तेव्हाच मला शंका आली. चहात तुरटपणा असतो. तुमच्या घरात चहा नाही, म्हणजे दुसरं तुरट काहीतरी असणार होतं. पदरावरचे डाग धुऊन जात नव्हते आणि पाटावरची खूण घासून जात नव्हती. असा डाग माझ्या शाईचाच पडतो. मग आप्पासोंनी हिरड्याच्या पुडीचं सांगितलं. पाणी प्रासुक करायला तुम्ही तीच या हंड्यात घालता."

त्यांनी दोन गोळ्या चुरडल्या आणि एकेक दोन्ही वाट्यांत टाकली.

साध्या पाण्यात फिकट हिरवट छटा उतरली, तळ स्वच्छ दिसत राहिला. दुसऱ्या वाटीत आधी जांभळट धागे सुटले. मग पाणी निळं झालं, आणि मग काळंभोर.

"ह्येच," आक्काताई म्हणाली. "ह्येच औषध. पैल्या दिसापासनं असंच व्हायचं. मला वाटलं, औषधाचा रंगच त्यो."

"साध्या पाण्यात ते कसं दिसतं, हे तुम्हाला दाखवलंच नाही कुणी. हिरडा आणि लोह एकमेकांना घट्ट धरतात, आक्काताई. धरलेलं लोह रक्तात जात नाही. जसं पोटात गेलं तसं बाहेर पडतं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या घेते का. तुम्ही सांगितलं, एकही चुकली नाही. ते खरंच होतं. कशाबरोबर घेते, हे कुणी विचारलंच नाही. अण्णाप्पा, कोणतं औषध द्यावं असं तुम्ही मला विचारलंत. औषध बरोबरच होतं."

मग अण्णाप्पानं खिशातला तो पदराचा तुकडा बाहेर काढला.

"म्हंजी ही शाई..."

"ती कुणाकडून कागद लिहवून घेत नव्हती, अण्णाप्पा. ती औषध पीत होती. जगावं म्हणून."

अण्णाप्पानं तो तुकडा तोंडावर दाबला. एवढा थोराड माणूस, पण आवाज फुटला नाही, नुसते खांदे हलत राहिले. केरबाला वाटलं, माणूस मेल्यावर त्याची क्षमा मागायला कुठं जायचं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. त्याला स्वतःलाही ते हवं होतं. राहीबाईला तिकडं कुणी काय दिलं, कशाबरोबर दिलं, हे त्यानं परत आल्यावरही कधी विचारलं नव्हतं.

आक्काताईला सगळं कळायला जरा वेळ लागला. ती त्या काळ्या वाटीकडं बघत होती. ओठ हलत होते, जणू तीन महिने आणि दिवसाच्या तीन वाट्या ती मोजत होती.

"म्हंजी म्या," ती म्हणाली. "म्याच, न्हवं?"

नाथाजींनी ती काळी वाटी तिच्यापुढून उचलून बाजूला ठेवली.

"गोळ्यांनी ती वाचलीच असती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही," ते म्हणाले. "डॉक्टरही सांगणार नाहीत. पालेभाजी चातुर्मासात बंद, अंगात आधीच काही नव्हतं, पहिलं बाळंतपणही सोसलेलं. पण औषध तिच्यापर्यंत पोचलं नाही, हे खरं आहे. आणि ते तुम्ही मायेनं दिलंत, हेही खरं आहे."

"माया काय करायची हाय," आक्काताई म्हणाली. "शेवटच्या दिसात म्हनली, आत्याबाई, आज नगं, जीभ वडती. म्या तिच्या तोंडाला वाटी लावली."

धन्यकुमार उठून आईच्या जवळ बसला, पण तिनं त्याचा हात बाजूला केला.

"आता हिचं काय?" त्यानं जिनमतीकडं बघत विचारलं. "नेम मोडायचा?"

"नेम मोडायला नको. पाणी उकळून प्रासुक होतं का?"

"व्हतं की," धन्यकुमार म्हणाला. "उकळल्यालं तर चोवीस तास चालतं. पन पद्मीवैनीला रोज हंडाभर पानी उकळाया ताकद न्हवती, म्हनून हिरडा घालायचा सोपा मार्ग काढला."

"मग उकळलेलंच द्या. गोळी त्यातच, वर लिंबू पिळा. लिंबानं लोह अंगी लागतं. हिरडा, सुपारी, असलं तुरट काही त्या वेळेला नको. उद्या डॉक्टरांना हे सगळं सांगा आणि रक्त पुन्हा तपासून घ्या. पाचवा महिना आहे, वेळ गेलेली नाही."

धन्यकुमार लिंबू आणायला परड्यात गेला. दीस मावळायला थोडाच अवकाश होता, आणि तिसरी गोळी द्यायची राहिली होती. साध्या पाण्याची वाटी तयारच होती. नाथाजींनी ती आक्काताईपुढं केली.

तिनं हात मागं ओढून पदराखाली लपवले. "माझ्या हातानं नगं. ह्या हातांनी आता कुनाला काय द्यायचं न्हाई. धन्या, तूच दे."

लिंबू घेऊन आत आलेल्या धन्यकुमारनं वाटी उचलली. पण भिंतीशी बसलेली जिनमती, जी अजून एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "त्यांच्या हातानं न्हाई घ्यायची मी."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. एवढं बोलूनही तिला दम लागला होता.

"आत्याबाई, जाऊबाई शेवटच्या रातीला मला म्हनल्या, आईनं बी माझं येवढं केलं न्हाई. तुमीच द्या. न्हाईतर मला औषधच नगं."

आक्काताई उठली. धन्यकुमारच्या हातातून वाटी घेतली, तिच्यात लिंबाची फोड पिळली आणि पिऊ द्यायच्या आधी दाराशी गेली. उरल्यासुरल्या उन्हात तिनं वाटी धरली. तळ दिसतोय ना, हे तिनं पुन्हा पुन्हा बघितलं. मग दोन्ही हातांनी वाटी धरून, एक थेंबही न सांडता ती जिनमतीकडं आली.

"घे, पोरी," ती म्हणाली. "काळं न्हाई."

केरबा हवालदारानं त्यानंतर शाई कधी केली नाही. नाथाजी मास्तरांनीही पुन्हा त्याला ते काम सांगितलं नाही. बाजारची पाण्यासारखी शाई आणून ते तिनंच लिहीत राहिले.